जॉन जेम्स ऑड्युबन : एक पक्षी, दोन नावे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, शेतांच्या कडेने, गुरांच्या गोठ्यांभोवती आणि शहरांतील मोटारी उभ्या करण्याच्या मोकळ्या जागांतसुद्धा एक काळा पक्षी निर्धास्तपणे चालताना आढळतो. आकाराने तो आपल्या साळुंकीएवढा. दुरून पाहिले तर निव्वळ काळा; पण ऊन पडले की नराच्या डोक्यावर निळी-जांभळी आणि अंगावर हिरवट झाक उमटते. त्याचा डोळा फिकट पिवळा असतो. मादी मात्र राखी-तपकिरी आणि बहुधा गडद डोळ्यांची. इंग्रजीत या पक्ष्याला ‘ब्रूअर्स ब्लॅकबर्ड’ म्हणजे ब्रूअर यांचा काळा पक्षी असे म्हणतात. शास्त्रज्ञांच्या लेखी मात्र तो ‘युफॅगस सायनोसेफॅलस’ आहे. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या नावातील पहिल्या पदाचा अर्थ चांगला खाणारा आणि दुसऱ्याचा अर्थ निळ्या डोक्याचा असा होतो. या नावात ब्रूअर कोठेच नाहीत. एके काळी या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही ते होते. ज्याने ते तेथे घातले, त्या जॉन जेम्स ऑड्युबन या चित्रकार आणि पक्षी-अभ्यासकाचे चरित्र नावांच्या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. कारण ज्या नावाने जग त्यांना ओळखते, ते नाव त्यांना जन्मतः मिळालेले नव्हते.

ऑड्युबन यांचा जन्म २६ एप्रिल १७८५ रोजी कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, ले काय या गावी झाला. आजचा हैती देश तो हाच. वडील फ्रेंच दर्यावर्दी. उसाच्या मळ्याचे मालक आणि गुलामांच्या व्यापारातही गुंतलेले. आई जान राबीन ही फ्रान्सहून आलेली मोलकरीण. या दोघांचा विवाह झालेला नव्हता. मूल काही महिन्यांचे असतानाच आई वारली. पुढे वडिलांनी मुलाला फ्रान्समध्ये नांत शहराजवळ आणले. तेथे त्यांची विवाहित पत्नी ॲन हिने या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढविले आणि भरपूर लाडही केले. १७९४ मध्ये त्याला कायदेशीर दत्तक घेण्यात आले, तेव्हा त्याचे नाव ‘फूजेर’ असे लिहिले गेले. फूजेर म्हणजे नेचे ही वनस्पती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या काळात संतांची नावे ठेवणे धोक्याचे होते, म्हणून झाडापानांची नावे चालत. १८०० मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी तो ज्यां-जाक फूजेर ऑड्युबन झाला. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून मुलगा सुटावा म्हणून वडिलांनी १८०३ मध्ये त्याला अमेरिकेत धाडले आणि तेथे तो जॉन जेम्स ऑड्युबन झाला.

आपल्या जन्माची हकिकत ते पुढे आयुष्यभर निरनिराळ्या प्रकारे सांगत राहिले. कधी आपण लुइझियानात जन्मलो असे ते म्हणत, तर कधी थोर फ्रेंच चित्रकार दाविद यांच्या हाताखाली शिकलो असे सांगत. या दुसऱ्या गोष्टीला काहीच पुरावा मिळालेला नाही. अनौरस संततीकडे त्या काळचा समाज ज्या नजरेने पाहत असे, ती लक्षात घेतली म्हणजे या लपवालपवीचे कारण कळते; परंतु वाढवून सांगण्याची ही सवय केवळ जन्मकथेपुरती राहिली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फिया शहराजवळ मिल ग्रोव्ह येथे वडिलांची जमीन होती. तेथे ऑड्युबन शिकार करीत, व्हायोलिन वाजवीत आणि दिवसभर पक्ष्यांमागे हिंडत. ओढ्याकाठच्या एका गुहेत घरटे करणाऱ्या फीबी नावाच्या लहान पक्ष्यांच्या पिलांच्या पायांना आपण चांदीचा तार बांधला आणि पुढच्या वसंतात त्यांतील काही पक्षी परत आलेले पाहिले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेत पक्ष्यांना खूण बांधण्याचा हा पहिला प्रयोग म्हणून ही हकिकत दीर्घकाळ सांगितली गेली. मात्र १८०५ च्या वसंतात पक्षी परतण्याच्या सुमारास ते फ्रान्समध्ये होते, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. चांदीच्या तारेची ही कथा त्यामुळे सावधपणेच वाचावी लागते.

मिल ग्रोव्हच्या शेजारी राहणाऱ्या बेकवेल कुटुंबातील ल्यूसी हिच्याशी १८०८ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि दोघे केंटकी प्रांतात गेले. तेथे ऑड्युबन यांनी दुकानदारी केली, पण त्यांचे चित्त गल्ल्यापेक्षा रानात अधिक. १८१० मध्ये अलेक्झांडर विल्सन हे अमेरिकन पक्षिशास्त्राचे आद्य लेखक आपल्या ग्रंथासाठी वर्गणीदार शोधत त्यांच्या लुइव्हिल येथील दुकानात आले. दोन पक्षी-चित्रकारांची ती भेट काहीशी कोरडीच ठरली. पुढे हेंडरसन या गावी ऑड्युबन यांनी वाफेवर चालणारी गिरणी उभारली. काही वर्षे बरी गेली. या समृद्धीत गुलाम स्त्री-पुरुषांच्या श्रमाचा वाटा होता. ऑड्युबन यांनी माणसे विकत घेतली आणि पैशाची निकड भासली तेव्हा ती विकलीही.

हेंडरसन येथीलच १८१८ सालचा एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. कॉन्स्टन्टाइन राफिनेस्क नावाचे एक विद्वान पण लहरी निसर्गशास्त्रज्ञ त्यांच्याकडे पाहुणे म्हणून उतरले. नव्या प्राण्यांना आणि वनस्पतींना नावे देण्याचा त्यांना विलक्षण सोस होता. रात्री खोलीत वटवाघळे शिरली. ती नव्या जातीची आहेत अशी समजूत करून घेऊन राफिनेस्क यांनी यजमानांचे आवडते व्हायोलिन हाती घेतले आणि त्याने ती पाडू लागले. व्हायोलिनचे तुकडे झाले. निदान ऑड्युबन यांनी तरी हा प्रसंग असाच वर्णन केला आहे. पाहुण्याची थट्टा म्हणून असो की राग म्हणून असो, त्यांनी ओहायो नदीत मुळीच नसलेल्या कित्येक माशांची वर्णने आणि चित्रे राफिनेस्क यांना पुरविली. त्या सज्जनाने ती खरी मानली, त्या माशांना शास्त्रीय नावे दिली आणि छापूनही टाकली. जगात नसलेल्या माशांच्या या नावांनी पुढच्या अभ्यासकांना बराच काळ घोटाळ्यात टाकले. शास्त्रीय नाव ही ऑड्युबन यांच्या लेखी त्या वेळी थट्टेची वस्तू होती, असेच म्हणावे लागेल.

१८१९ मध्ये अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले आणि ऑड्युबन यांचे दिवाळे निघाले. कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. दोन लहान मुली या वर्षांत दगावल्या. हाती बंदूक, अंगावरचे कपडे आणि चित्रे एवढेच उरले. मग त्यांनी एक धाडसी निश्चय केला: अमेरिकेतील सगळे पक्षी त्यांच्या प्रत्यक्ष आकारात रंगवायचे. १८२० च्या शरद ऋतूत ते ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांतून नावेने दक्षिणेकडे निघाले. बरोबर जोसेफ मेसन नावाचा अवघ्या तेरा वर्षांचा शिष्य होता. पक्षी ऑड्युबन काढीत आणि पाने, फुले, फांद्या हा मुलगा रंगवी. पन्नासाच्या आसपास चित्रांत मेसनचा हात आहे. छापील चित्रांवर मात्र त्याचे नाव आले नाही.

त्यांची रीत वेगळी होती. पूर्वीचे चित्रकार पेंढा भरलेले, ताठ उभे केलेले पक्षी समोर ठेवून चित्रे काढीत. ऑड्युबन नुकताच मारलेला पक्षी तारांच्या साहाय्याने फळीवर उडण्याच्या, झडप घालण्याच्या किंवा पिलांना भरविण्याच्या स्थितीत बसवीत. फळीवर चौकोन आखलेले असत आणि तसेच चौकोन कागदावरही. त्यामुळे मापात चूक होत नसे. रोहितासारखा उंच पक्षी कागदात मावेना, तेव्हा त्याची मान खाली वाकवून तो मावविला. या चित्रांतील जिवंतपणासाठी असंख्य पक्ष्यांना प्राण गमवावे लागले, हे आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. छायाचित्रण आणि चांगल्या दुर्बिणी नसलेल्या त्या काळात सगळेच पक्षी-अभ्यासक बंदूक घेऊन निघत.

या सर्व वर्षांत घर चालविले ते ल्यूसीने. लुइझियानात श्रीमंत मळेवाल्यांच्या मुलींना शिकवून तिने दोन मुलांना वाढविले आणि नवऱ्याच्या प्रवासासाठी पैसाही साठविला. १८२४ मध्ये ऑड्युबन फिलाडेल्फियाला प्रकाशक शोधण्यासाठी गेले, तेव्हा विल्सन यांचे चाहते जॉर्ज ऑर्ड यांनी त्यांना कसून विरोध केला. अमेरिकेत आपला ग्रंथ निघणार नाही हे ओळखून ऑड्युबन १८२६ मध्ये कापसाने भरलेल्या एका जहाजातून इंग्लंडला गेले. तेथे मात्र त्यांचे नशीब उघडले. खांद्यावर रुळणारे केस आणि राकट रानकरी पोशाख यांनी लिव्हरपूल आणि एडिंबरोची प्रतिष्ठित मंडळी मोहून गेली. पुढे मित्रांच्या आग्रहावरून केस कापावे लागले, त्या दिवसाची नोंद त्यांनी रोजनिशीत सुतकाच्या काळ्या चौकटीत केली.

‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथाच्या पहिल्या चित्रांचे ताम्रपट एडिंबरो येथे लिझार्स यांनी कोरले आणि नंतरचे सर्व काम लंडनच्या रॉबर्ट हॅवेल यांनी केले. १८२७ ते १८३८ या काळात ४३५ चित्रे निघाली. प्रत्येक कागद सुमारे एक मीटर उंच, आणि छापल्यावर प्रत्येक चित्र हाताने रंगविलेले. पूर्ण संच दोनशेहून कमीच तयार झाले. त्यांतील एक डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ७३ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. चित्रांबरोबर मजकूर छापला नाही, कारण तसे केल्यास इंग्लंडच्या कायद्यानुसार ग्रंथालयांना हे महागडे संच फुकट द्यावे लागले असते. पक्ष्यांची वर्णने स्वतंत्र पाच खंडांत निघाली. ऑड्युबन यांचे इंग्रजी कच्चे होते आणि शास्त्रीय बाजूही. हे दोन्ही सावरण्याचे काम स्कॉटलंडचे विल्यम मॅकगिलिव्हरे यांनी केले.

थट्टेखातर खोट्या माशांची चित्रे पुरविणारे ऑड्युबन या काळात नावांकडे अधिक गांभीर्याने पाहू लागले. नव्या पक्ष्याला मित्राचे, सहकाऱ्याचे किंवा आश्रयदात्याचे नाव देणे ही त्यांची कृतज्ञता व्यक्त करण्याची रीत झाली. दरिद्री अवस्थेत हिंडलेल्या माणसाजवळ देण्यासारखे दुसरे काय होते?

आता मूळ काळ्या पक्ष्याकडे येऊ. १८४३ च्या एप्रिलमध्ये, वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होत असताना, ऑड्युबन यांनी अखेरचा मोठा प्रवास आरंभिला. अमेरिकेतील सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहायचा होता, त्यासाठी ते सेंट लुई येथून ‘ओमेगा’ या आगबोटीने मिसूरी नदीतून वर निघाले. सोबत एडवर्ड हॅरिस, जॉन बेल, आयझॅक स्प्रेग आणि ल्यूइस स्क्वायर्स हे होते. सुमारे सात आठवड्यांनी ते फोर्ट युनियन या फर-व्यापाऱ्यांच्या ठाण्यावर पोहोचले. गवताळ मैदानांवर गव्यांसारख्या बायसन जनावरांचे प्रचंड कळप होते आणि त्यांची वारेमाप कत्तलही चालू होती. ही जनावरे एक दिवस नाहीशी होतील अशी चिंता ऑड्युबन यांनी रोजनिशीत व्यक्त केली आहे. मात्र शिकारीत त्यांचा चमूही सामील होता.

या प्रवासात सस्तन प्राण्यांपेक्षा नवे पक्षीच अधिक हाती लागले. पिवळ्या छातीचा मेडोलार्क हा पूर्वेकडील पक्षी त्यांना चांगला परिचित होता. पण येथील मेडोलार्क दिसायला तसाच असूनही गाताना वेगळाच वाटला. लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत, १८०५ मध्ये, या फरकाची नोंद झाली होती. नंतर कोणी तिकडे लक्षच दिले नाही. म्हणून ऑड्युबन यांनी त्याचे नाव ठेवले ‘स्टर्नेला नेग्लेक्टा’, म्हणजे दुर्लक्षिलेला. स्प्रेग आणि बेल यांची नावेही दोन लहान पक्ष्यांना मिळाली. आणि वरच्या मिसूरीच्या प्रदेशात सापडलेल्या एका चकचकीत काळ्या पक्ष्याला त्यांनी बॉस्टनच्या आपल्या तरुण मित्राचे, थॉमस मेयो ब्रूअर यांचे नाव दिले: ‘क्विस्कॅलस ब्रूअरी’. ब्रूअर वैद्यक शिकलेले, पण पत्रकारितेकडे आणि पक्ष्यांच्या अंड्यांच्या अभ्यासाकडे वळलेले गृहस्थ होते. ऑड्युबन यांच्याहून ते एकोणतीस वर्षांनी लहान असून त्यांनी ऑड्युबन यांना पक्ष्यांविषयी पुष्कळ माहिती पुरविली होती. छोट्या आकाराच्या नव्या आवृत्तीच्या शेवटच्या खंडात हे नाव छापले गेले.

परंतु तोच पक्षी युरोपात आधीच पोहोचलेला होता. मेक्सिकोतून आलेल्या नमुन्यांवरून म्युनिकच्या योहान गेओर्ग वाग्लर यांनी १८२९ मध्ये ‘इसिस’ या जर्मन नियतकालिकात त्याचे वर्णन करून ‘सायनोसेफॅलस’ हे नाव दिले होते. वाग्लर पुढे फार जगले नाहीत. १८३२ मध्ये पक्षी गोळा करीत असताना स्वतःच्याच बंदुकीची गोळी चुकून लागून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. योगायोग असा, की ऑड्युबन मिसूरीवर जाण्याच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, ह्यू स्ट्रिकलंड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने प्राण्यांच्या नामकरणाचे नियम तयार झाले होते. ज्या समितीने ते केले तिच्यात चार्ल्स डार्विन यांचाही समावेश होता. एकाच प्राण्याला दोन नावे मिळाली असतील तर आधी प्रसिद्ध झालेले नाव खरे, हा त्यांतील मुख्य नियम होय.

हा नियम कठोर वाटतो. पण त्याची गरज या पक्ष्यांच्याच बाबतीत उत्तम रीतीने कळते. इंग्लंडमध्ये ‘ब्लॅकबर्ड’ म्हणजे कस्तुर पक्ष्यांच्या कुळातील एक गाणारा पक्षी. तेथून अमेरिकेत आलेल्या वसाहतकारांनी काळा दिसला तो ब्लॅकबर्ड असे ठरवून टाकले, आणि कस्तुरांशी काहीही नाते नसलेल्या एका अगदी वेगळ्या कुळाला ते नाव चिकटले. त्याच कुळात पिवळा मेडोलार्कही मोडतो! बोलीतील नावांचा असा गोंधळ असताना शास्त्रीय नाव तरी एकच आणि सर्वांना मान्य असायला हवे. तेथे स्नेहाची भीड चालत नाही.

त्यामुळे ‘ब्रूअरी’ गेले आणि ‘सायनोसेफॅलस’ राहिले. १८६७ मध्ये फिलाडेल्फियाचे जॉन कॅसिन यांनी या पक्ष्याला ‘युफॅगस’ ही प्रजाती दिली. शास्त्रीय ग्रंथांत या नावापुढे वाग्लर, १८२९ असे लिहितात आणि ते कंसात घालतात. पक्षी पहिल्या प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलविला गेला आहे, एवढाच त्या कंसाचा अर्थ. इंग्रजी नावाला असा नियम नव्हता. लोकांच्या तोंडी ब्रूअर रुळले होते, ते तसेच राहिले. शिवाय याच कॅसिन यांनी १८५६ मध्ये पश्चिमेकडील एका साध्या, मातकट रंगाच्या लहान पक्ष्याला ‘स्पिझेला ब्रूअरी’ असे नाव दिले होते; ते शास्त्रातही टिकून आहे.

१८४६ मध्ये ब्रूअर आपल्या वृद्ध मित्राला भेटायला न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या घरी गेले. केस पांढरेशुभ्र झाले होते आणि एके काळची तीक्ष्ण नजर मंदावली होती. त्यानंतर लवकरच ऑड्युबन यांची स्मृती ढासळू लागली. ज्यांनी शेकडो पक्षी नावानिशी जगापुढे आणले, त्यांना अखेरच्या वर्षांत परिचयाची माणसे ओळखता येईनात. २७ जानेवारी १८५१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागे दोन्ही मुलगेही वारले आणि ल्यूसीला म्हातारपणी पुन्हा शिकवण्या कराव्या लागल्या. १८६३ मध्ये तिने मूळ चित्रे न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेला विकली. बहुतेक ताम्रपट पुढे मोडीच्या भावाने गेले.

ऑड्युबन यांच्या नावाने चालणाऱ्या पक्षी-संरक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांच्या गुलाम बाळगण्यावरून अलीकडे मोठा वाद झाला. मार्च २०२३ मध्ये तिच्या संचालक मंडळाने नाव कायम ठेवण्याचे ठरविले; काही स्थानिक शाखांनी मात्र आपली नावे बदलली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने व्यक्तींवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. त्या निर्णयाच्या कक्षेत ब्रूअर यांचा काळा पक्षीही येतो. शास्त्रीय नावांना मात्र हा निर्णय लागू नाही. ती आंतरराष्ट्रीय नियमांनीच चालतात. म्हणून पश्चिमेकडील मेडोलार्क आजही ‘स्टर्नेला नेग्लेक्टा’च आहे, आणि त्याच्यापुढे ऑड्युबन, १८४४ असे कंसाविना लिहिले जाते.